सहलीची डोंगरवाट : तिची अवघडता कशी पारखावी

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की शाळाशाळांतून सहलीचे वेध लागतात. किल्ला कोणता घ्यावा, त्याचा इतिहास कोणत्या इयत्तेच्या पाठाशी जुळतो, वाहनाचा खर्च किती येईल, या गोष्टींची शिक्षकांच्या बैठकीत पुष्कळ चर्चा होते. वाटेविषयी मात्र बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, "चढ फार आहे का हो?" त्यावर कोणीतरी "छे, अगदी सोपा आहे" असे सांगतो आणि तो विषय तेथेच संपतो. असे सांगणारा हा एकतर विशीतला तरुण असतो, नाहीतर जन्म डोंगरात गेलेला ग्रामस्थ. त्याच्या पायांना जे सोपे, ते पाचवीतल्या मुलाच्या पायांना सोपे असेलच असे नाही. वाट सोपी की अवघड हे कोणासाठी, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या बाजूने, हे ठरल्यावाचून सांगताच येत नाही.

याचे एक चांगले उदाहरण म्हणजे लोणावळ्याजवळचा राजमाची किल्ला. श्रीवर्धन आणि मनरंजन असे त्याचे दोन बालेकिल्ले असून त्यांच्या पायथ्याशी उधेवाडी हे गाव आहे. या गावास येण्याच्या दोन वाटा प्रसिद्ध आहेत. एक लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने येते. लोणावळा मुळातच घाटमाथ्यावर असल्याने ही वाट बरीचशी सपाटीची आहे. परंतु तिची लांबी सुमारे 15 किलोमीटर भरते. दुसरी वाट कर्जतकडील कोंदिवडे गावाहून, कोंढाणे लेण्यांच्या बाजूने वर चढते. कोंदिवडे कोकणात, घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे या वाटेने सुमारे 2000 फूट, म्हणजे 600 मीटर, उंची चढावी लागते. किल्ला एकच, गावही एकच. तरी 'राजमाची सोपा आहे काय?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. पहिल्या वाटेवर पाऊल सोपे पडते, पण जाऊन-येऊन 30 किलोमीटरांचा पल्ला एका दिवसात प्राथमिक शाळेच्या मुलांना झेपणारा नव्हे. दुसऱ्या वाटेवर दम लागतो, गुडघे भरतात. तेव्हा अवघडपणा हा किल्ल्याचा गुण नसून वाटेचा गुण आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

तसाच एक समज उंचीविषयी आहे. कळसूबाई हे 1646 मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. एवढ्यावरूनच ते सर्वांत अवघडही असावे असे अनेकांस वाटते. प्रत्यक्षात बारी गावाकडून जाणाऱ्या वाटेवर कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत आणि शिखरावरील देवीच्या दर्शनाला आसपासच्या गावांतील स्त्री-पुरुष त्या वाटेने जातात. याउलट नाशिक जिल्ह्यातील हरिहर किल्ला कळसूबाईपेक्षा बराच बुटका आहे. त्याच्या पठारापर्यंतची वाट साधी; मात्र तेथून पुढे कातळात खोदलेला, जवळजवळ उभा जिना लागतो. पायऱ्यांत हाताने धरण्यासाठी खोबण्या आहेत, यावरूनच ती चढण कशी आहे हे कळावे. म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ही भूगोलाच्या तासाला उपयोगी. सहलीला उपयोगी आकडा तो नव्हे. वाहनातून जेथे उतरायचे तेथपासून शेवटच्या ठिकाणापर्यंत प्रत्यक्ष किती मीटर चढावे लागेल, हा आकडा हवा. मुलांना तो समजावून देण्यासाठी शाळेच्या पायरीचा उपयोग होतो. पायरीची उंची 15 सेंटिमीटर धरली तर कोंदिवड्याकडील 600 मीटरांच्या चढणीत अशा 4000 पायऱ्या होतात. हे गणित पाचवीची मुले आनंदाने करतात आणि करून झाल्यावर थोडी गंभीरही होतात.

चढाचा आकडा मिळविण्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1 : 50,000 प्रमाणाचे नकाशे उपयोगी पडतात. त्यांत 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील 1 किलोमीटर. समोच्च रेषा साधारणपणे 20 मीटरांच्या अंतराने काढलेल्या असतात. पायथा आणि माथा यांच्यामधील रेषा मोजून त्यास 20 ने गुणले की चढ मिळतो. रेषा दाट असतील तेथे चढण उभी, विरळ असतील तेथे सपाटी. वाट मध्येच उतरून पुन्हा चढत असेल तर तो दुसरा चढही मिळवावा. हे पुष्कळदा विसरले जाते. भ्रमणध्वनीवरील नकाशांतही आता अशा रेषा पाहता येतात. परंतु दोन स्थळांमधील सरळ रेषेचे अंतर आणि वाटेचे अंतर यांत मोठी तफावत असते. डोंगरात वाट नागमोडी जाते, म्हणून वाटेवरूनच अंतर मोजले पाहिजे.

नकाशा पाहताना सह्याद्रीच्या घडणीचे भान ठेवावे लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हे डोंगर झाले. काही थर कठीण, काही ठिसूळ. कठीण थराचा कडा होतो. ठिसूळ थर झिजून उतार किंवा पदर होतो. दुरून पाहिले तर डोंगराला पायऱ्या घातल्यासारखे दिसते ते यामुळेच. या खडकास भूगर्भशास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. त्यामुळे येथील वाट हळूहळू अवघड होत नाही. तासभर झाडीतून, पदरावरून सुखाने जाते आणि एकाएकी कातळाशी येऊन उभी राहते. सरासरी चढ काढून अशा वाटेची पारख होत नाही. शिवाय 20 मीटरांच्या दोन रेषांमध्ये 15 मीटरांचा उभा कडा सहज दडू शकतो. नकाशात त्याचा मागमूसही लागत नाही. पाच मजली इमारतीएवढा कडा नकाशावर नाही म्हणून वाटेवरही नसेल, असे मानणे धोक्याचे आहे.

म्हणून दुसरे पाहावयाचे ते वाटेवरील सर्वांत वाईट ठिकाण. चार किलोमीटरांपैकी पावणेचार किलोमीटर बैलगाडीची वाट असली आणि उरलेल्या पाव किलोमीटरात उघड्या कातळावर हात टेकून चढावे लागत असले, तर ती वाट हात टेकून चढण्याचीच वाट होय. तेथे उरलेल्या वाटेचा सोपेपणा कामास येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांची टी-1 ते टी-6 अशी सहा प्रतींत वर्गवारी केलेली आहे. पहिल्या प्रतीच्या वाटांना पिवळी खूण असते, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीस पांढरी-तांबडी-पांढरी आणि त्यावरच्या अवघड प्रतींस पांढरी-निळी-पांढरी. चौथ्या प्रतीपासून जागोजागी हातांचा आधार घ्यावा लागतो. आपल्याकडील वाटांवर अशा खुणा सर्वत्र नाहीत. कोठे कोणी हौसेने दगडावर बाण रंगवलेले असतात, तेवढेच. परंतु गावकऱ्यांना नीट विचारले तर तितकीच उपयोगी वर्गवारी हाती लागते. या वाटेने गुरे चढतात काय, हे विचारावे. गाय-म्हैस चढत असेल तर ती वाट पायांची आहे, हातांची नाही. गुरे जात नाहीत, पण शेळ्या जातात, असे उत्तर आले तर वाट अरुंद किंवा उभी आहे असे समजावे. "जनावर जात नाही, माणूसच जातो" असे कोणी म्हणाले, की प्राथमिक शाळेने त्या वाटेचा विचार सोडून द्यावा. याच्याही पलीकडे अलंग आणि मदन यांसारखे किल्ले आहेत, जेथे दोराचे तंत्र जाणणारेच जातात. शाळेच्या सहलीशी त्यांचा संबंध नाही.

गावकऱ्यांना अंतर विचारण्यात मात्र फारसा अर्थ नसतो. 'हे काय, हाकेच्या अंतरावर' असे ते सांगतात आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही असते. अंतराऐवजी वेळ विचारावा, आणि तोही दुसऱ्या कोणाचा : "गावातली म्हातारी बाई यात्रेला जाते तेव्हा किती वेळ लागतो? लहान पोर बरोबर असले म्हणजे किती?" असे विचारले की उत्तर एकदम बदलते.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक साधा नियम सांगितला, तो आजही जगभर वापरला जातो. दशमान पद्धतीत तो असा मांडतात : दर 5 किलोमीटर अंतरास एक तास, आणि त्याशिवाय दर 600 मीटर चढास आणखी एक तास. पुढे एरिक लँगम्यूर या ब्रिटिश गिर्यारोहकाने त्यात उतरणीची भर घातली. सौम्य उतार असेल तर दर 300 मीटर उतरणीस 10 मिनिटे वजा करावीत. उतार तीव्र असेल तर तेवढ्याच उतरणीस 10 मिनिटे मिळवावीत. मिळवावीत, हे विशेष लक्षात ठेवावे. उतरताना वेळ वाचतो हा समज सह्याद्रीच्या वाटांवर टिकत नाही.

हा नियम सशक्त, सराव असलेल्या प्रौढांसाठी आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी येणारा वेळ निदान दीडपट धरणे योग्य. एक उदाहरण घेऊ. वाट 4 किलोमीटरांची, चढ 400 मीटरांचा, मुले 40. नियमाप्रमाणे अंतरास 48 मिनिटे आणि चढास 40, मिळून 88 मिनिटे. दीडपटीने 132 मिनिटे. वाटेत दोन वेळा दहा-दहा मिनिटे बसणे झाले, की अडीच तास. येथपर्यंतचा हिशेब पुष्कळ शिक्षक करतात. जो होत नाही तो पुढचा. वाटेवर एकच शिडी किंवा एकच कातळटप्पा आहे, जेथून एका वेळी एकच मूल जाऊ शकते. प्रत्येकाला एक मिनिट लागले तरी 40 मुलांना 40 मिनिटे, आणि परत येताना पुन्हा 40. एकटा तरुण हा टप्पा अर्ध्या मिनिटात ओलांडतो. म्हणून त्याच्या सांगण्यात त्याचा उल्लेखसुद्धा नसतो. उतरणीचा वेळ याच नियमाने 61 मिनिटे, दीडपटीने सुमारे 92. त्यात टप्प्यावरची 40 मिनिटे आणि एक विश्रांती मिळवली तर जवळजवळ दोन तास वीस मिनिटे होतात. चढण्यास तीन तास दहा मिनिटे, उतरण्यास दोन तास वीस मिनिटे. किल्ला पाहण्यास आणि भाकरी खाण्यास दोन तास. एकूण साडेसात तास! सकाळी 9 वाजता पायथा सोडला तर साडेचारला परत. वाहन उशिरा आले, पायथ्याशी चहापाणी झाले आणि 11 वाजले, तर साडेसहा. डिसेंबरात पश्चिम महाराष्ट्रात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत, घळीत त्याआधीच अंधारते. म्हणजे वाट तीच, मुले तीच. दोन तासांच्या उशिराने सोपी वाट अवघड झाली.

त्या एकेरी टप्प्याविषयी आणखी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण खरा धोका तेथेच असतो. टप्पा ओलांडणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष असते. पण आधी वर गेलेली वीस मुले काय करीत असतात? ती कड्याच्या काठाशी, कोणी मोठे माणूस नसताना, अर्धा तास वाट पाहत असतात. खाली राहिलेली कंटाळून दगड भिरकावतात, आडवाटेस जातात. म्हणून वाट पारखताना टप्प्याच्या वर आणि खाली मुलांना बसविण्याजोगी, काठापासून दूर अशी सपाट जागा आहे की नाही, हे पाहावे. नसेल तर टप्पा कितीही सोपा असला तरी ती वाट वर्गाला योग्य नाही. आणि एक शिक्षक सर्वांच्या आधी वर गेला पाहिजे, एक टप्प्यावर, एक खाली. तीन मोठी माणसे नसतील तर शाळेच्या दृष्टीने त्या वाटेची प्रत आपोआप एकाने वाढली असे समजावे.

उतरणीचा विचार निराळा करण्याचे कारण घसारा. वाळलेल्या मुरमाड उतारावर बारीक खडी पायाखालून सरकते. चढताना शरीराचा भार पुढे असल्याने ती जाणवत नाही. उतरताना पाय सुटतो. मुले तर उतारावर धावतात, त्यांना थांबता येत नाही. तेव्हा वाटेची पाहणी वर जातानाच संपवू नये. ज्या पायऱ्या चढताना पुढची पायरी तोंडासमोर होती, त्या उतरताना दरी तोंडासमोर येते. वर गेलेले मूल भिऊन खाली उतरण्यास नकार देते, असे प्रसंग कातळजिन्यांवर येतात. अशा मुलास रागे भरून उपयोग नाही. तोंड कातळाकडे करून, खालच्या माणसाने त्याचे पाऊल हाताने पायरीवर टेकवून, हळूहळू उतरवावे लागते.

ऋतूने वाट बदलते, हे गावच्या शिक्षकांना सांगावयास नको. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि भरलेले ओढे. आश्विनात पुरुषभर गवत, ज्यात वाट व दगड दोन्ही झाकतात. फाल्गुनानंतर ऊन आणि कोरडी टाकी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्यातल्या त्यात बरे. तरीही पाण्याबाबत टाक्यांवर विसंबू नये. सहा महिन्यांपूर्वी ज्याने टाके भरलेले पाहिले, त्याची साक्ष आज चालत नाही. प्रत्येक मुलाजवळ निदान दीड लिटर पाणी असावे आणि ते ओझे चढाच्या हिशेबात धरावे. सावली किती वेळ आहे हेही लिहून घ्यावे. उघड्या सोंडेवरून दुपारी बारा वाजता चढणे आणि त्याच सोंडेवरून सकाळी आठला चढणे या दोन वेगळ्या वाटा आहेत. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळे असतील तर तेथे धूर, अत्तर आणि आरडाओरड तिन्ही वर्ज्य. मोहोळ वाटेच्या अगदी वरच असेल, तर वाट बदलावी हे उत्तम.

यानंतरचा प्रश्न अप्रिय आहे, म्हणून बहुधा विचारला जात नाही. वाटेच्या सर्वांत दूरच्या ठिकाणी एखाद्या मुलाचा पाय मुरगळला, तर त्याला उचलून रस्त्यापर्यंत आणण्यास किती वेळ लागेल? 108 क्रमांकाची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येते, कड्यापर्यंत नव्हे. वाटेवर भ्रमणध्वनीस संपर्क कोठे मिळतो आणि कोठे तुटतो, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, मुलाला आळीपाळीने पाठीवर घेणारी दोन धडधाकट माणसे गावातून बरोबर मिळतील काय, हे पाहणीच्या वेळीच ठरवावे. राजमाचीच्या सपाट वाटेचा दोष येथे नजरेस येतो. पाऊल सोपे, पण मध्यावर काही झाले तर दोन्हीकडे सात-साडेसात किलोमीटर. चालण्यास सोपी असलेली वाट सुटकेस अवघड असू शकते.

हे सर्व घरी बसून कळणार नाही. सहलीच्या आधी पंधरा दिवसांच्या आत, निदान दोन शिक्षकांनी ती वाट चालून पाहावी. तीही सहलीच्या दिवशी ज्या वेळी निघावयाचे त्याच वेळी निघून. चालताना मुलांच्या चालीने चालावे. खिशात लहान वही असावी आणि प्रत्येक खुणेच्या झाडाशी, ओढ्याशी, टप्प्याशी वेळ टिपावी. चित्रफितीत पाहिलेली वाट ही पाहिलेली वाट नव्हे. चित्र घेणाऱ्यास सुंदर दिसले तेवढेच त्यात असते, आणि कंटाळवाणा लांब घसारा त्याने कापून टाकलेला असतो.

पाहणीहून आल्यावर वाटेसमोर मुलांची यादी ठेवावी. वाट कोणासाठी पारखावयाची? वर्गातील सर्वांत चपळ मुलासाठी खचित नव्हे. दम्याचा त्रास असलेली मुलगी, नुकत्याच तापातून उठलेला मुलगा, उंचीची भीती वाटणारे मूल, पायात झिजलेली चप्पल घालून येणारे मूल : यांची वाट पारखावयाची आहे. पालकांच्या संमतिपत्राबरोबरच प्रकृतीविषयी दोन प्रश्न विचारले तर पुष्कळ गोष्टी कळतात. चपलेची गोष्ट किरकोळ वाटते, परंतु घसाऱ्यावर गुळगुळीत तळव्याची चप्पल आणि पट्ट्याचा बूट यांत एका प्रतीचा फरक पडतो. सर्वांजवळ बूट नसतील आणि ते मिळविता येणार नसतील, तर गुरांच्या वाटेचाच किल्ला निवडावा. दोन मुलांना पायथ्याशी बसवून बाकीच्यांनी वर जाणे, ही तोड सुचविली जाते. ती बरी नव्हे. त्या दोघांजवळ एक शिक्षक ठेवावा लागतो, वर माणूस कमी पडते आणि मागे राहिलेल्या मुलांच्या मनात सहल म्हणजे काय राहते, ते निराळे सांगावयास नको.

निघण्यापूर्वी परतीची वेळ घड्याळाच्या काट्याने ठरवावी. वरील उदाहरणात 9 वाजता निघाल्यास शिखर 12 वाजून 10 मिनिटांनी यावे. एक वाजला आणि शिखर आले नाही, तर जेथे असू तेथे भाकरी खाऊन परतावे. ही वेळ मुलांना पायथ्याशीच सांगून ठेवावी. म्हणजे परतण्याचा निर्णय कोणा एका शिक्षकाच्या भित्रेपणाचा ठरत नाही. परत फिरण्याचा शब्द कोणी उच्चारावयाचा तेही आधी ठरलेले असावे. मुख्याध्यापक सर्वांत पुढे आणि थकलेली मुले सर्वांत मागे अशी रांग असेल, तर हा शब्द मागच्या शिक्षकाचा असावा. त्याला जे दिसते ते पुढच्याला दिसत नाही.

पाहणीच्या वहीतील नोंद सहलीनंतर दुरुस्त करून तिची एक प्रत केंद्रशाळेत ठेवावी. कोणत्या महिन्यात, किती मुले, कोणत्या इयत्तेची, कोठे किती वेळ लागला, सर्वांत वाईट ठिकाण कोणते, पाणी कोठे होते, गुरे कोठपर्यंत चढतात, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. पुढील वर्षी दुसरी शाळा त्याच वाटेने जाणार असेल तर तिला ही नोंद दाखवावी. मात्र एक पावसाळा मध्ये गेला असेल तर वाट पुन्हा चालून पाहावी. दरड एका रात्रीत येते, शिडीचा एखादा आडवा गज गंजून सुटतो, आणि जुन्या नोंदीत यांपैकी काहीच लिहिलेले नसते.